अध्यक्षांची पाठ आणि माझा करार

सौना तापवावा तर आम्ही व्होरूच्या माणसांनीच. ही बढाई नव्हे, साऱ्या एस्तोनियाला मान्य असलेली गोष्ट आहे. बाकीच्या जिल्ह्यांतले लोक सौनाच्या तापल्या, वाफाळ खोलीत घाम काढतात. आमच्याकडे सौनात लग्नं ठरतात, जमिनीचे वाद मिटतात, भावाभावांचा अबोला सुटतो. तोही बोलून नव्हे. दोघांनी गप्प शेजारी बसायचं, एकमेकांच्या पाठी हिरव्या डहाळ्यांच्या जुडीने बडवायच्या आणि बाहेर यायचं. तोवर ज्याला जे कळायचं ते कळलेलं असतं.

मला जे कळवायचं होतं ते आमच्या क्लबचे अध्यक्ष कोसिमोसाहेब यांना. दक्षिण इटलीतलं लहानसं गाव. ऑलिव्हचं तेल आणि व्हॉलीबॉल सोडून तिथे तिसऱ्या विषयावर कोणी भांडत नाही. मी त्यांचा ब्लॉकर. नेटच्या वर हात उभे करायचे आणि समोरच्याचा चेंडू त्याच्याच पायाशी पाडायचा, या एका विद्येवर मी फिनलंड, बेल्जियम, पोलंड, रुमानिया आणि ग्रीस फिरून आलो होतो. दर हंगामाला नवा क्लब, नवं घर, आणि माझ्या मुलीला, म्यार्ताला, नवी शाळा. कुठल्याही मैत्रिणीच्या दुसऱ्या वाढदिवसाला पोरगी कधी पोचलीच नाही.

या गावात मात्र ती रुजली. गावच्या बोलीत भांडायला लागली. आणि माझी बायको काये, जी कुठल्याही घरात गेली तरी बॅगा पुरत्या उघडत नसे, तिने गॅलरीत टोमॅटो लावले. तेव्हाच मी ओळखलं, की इथून हलणं आता अवघड आहे.

"अध्यक्षांना सांगितलंस का, आपल्याला राहायचंय म्हणून?" काये विचारायची.

"सांगतो."

"कधी?"

"बघू."

"अरे, तोंड उघडून सांगायचं. ते इटालियन आहेत. त्यांना मनातलं ऐकू येत नाही."

पटलं मला. म्हणून मी ठरवलं, त्यांना सौनात न्यायचं.

आमच्या घरमालकीणबाई अद्दोलोरातामावशी यांच्या ऑलिव्हच्या बागेत एक गोल दगडी झोपडी होती. आत कुदळी, फावडी आणि कोळ्यांची जाळी. भिंती जाड, छत बुटकं, धुराला बाहेर पडायला दार तेवढं. बघताक्षणी मला गावची आठवण आली. मावशींकडे किल्ली मागितली.

"कशाला हवी रे?"

"अंघोळीला."

"घरात एवढं मोठं न्हाणीघर आहे की."

"ते वेगळं."

मावशींनी छातीवर क्रूस केला आणि किल्ली दिली. परदेशी माणसाशी वाद घालू नये, असं त्यांचं मत होतं.

रविवारी हंगामाचा शेवटचा सामना होता. जिंकलो तर क्लब वरच्या गटात जाणार होता. मी शुक्रवारी दुपारी सगळ्या संघाला आणि अध्यक्षांना बोलावलं. अंग मोकळं होईल, म्हटलं. झोपडीत दगड रचले, सकाळपासून जाळ केला, सगळं अगदी रीतीप्रमाणे. अडलं फक्त जुडीशी. आमच्याकडे ती भूर्जाची असते, आणि त्या उन्हाळी मुलखात भूर्ज कुठला? ऑलिव्हची पानं हाताला लावून पाहिली. त्यांनी पाठ बडवण्यापेक्षा किसणीने किसलेली बरी. मग झोपडीमागे एक झाड दिसलं. पंज्याएवढी रुंद पानं, हिरवीगार, वास असा गोड की विचारू नका. डहाळी मोडली तर पांढरं दूध ठिबकलं. किती ताजं झाड आहे, असं म्हणत मी चांगल्या दहा-बारा जुड्या बांधल्या.

आता तुम्ही म्हणाल, मेल्या, अंजिराचं झाड ओळखता येईना तुला? नाही आलं. अंजीर मी जन्मभर पाहिलं ते वाळलेलं, नाताळच्या पाकिटातलं. ग्रीसमध्ये राहिलो होतो खरा, पण व्हॉलीबॉलवाल्याला कुठलाही देश हॉलच्या छतापर्यंतच दिसतो.

मंडळी आली. अध्यक्ष सूट घालून आलेले.

"साहेब, कपडे काढा."

"सगळे?"

"सगळे."

अध्यक्षांनी संघाकडे पाहिलं, संघाने आभाळाकडे पाहिलं, आणि निघाले एकदाचे कपडे. आत काळोख, धग आणि धुराचा वास. मी डोक्याला लोकरी टोपी आणि हातांत लोकरी मोजे चढवले. बडवणाऱ्याचे हात भाजू नयेत म्हणून आमच्याकडे ती पद्धतच आहे. मग एकेकाची पाठ घेतली.

"ए लांब्या," आमचा कप्तान दोनातो पालथा पडल्या पडल्या म्हणाला, "कसली रे ही पानं?"

"झाडाची," मी म्हणालो.

आमच्याकडे एवढं उत्तर पुरतं.

अध्यक्ष आधी कण्हले, मग हुंकारले, आणि शेवटी स्वतःहून कूस बदलून म्हणाले, "इकडेही दे." माझ्या पाठीची पाळी यायच्या आतच बाहेर आरडाओरडा झाला. झोपडीच्या दारातून धूर निघताना पाहून मावशी पाण्याचा पाइप आणि अर्धी आळी घेऊन धावत आल्या होत्या. दार उघडून त्यांनी जो फवारा सोडला, त्याने तापल्या दगडांवरून असा वाफेचा लोट उठला, की क्लबचा अख्खा संघ अध्यक्षांसकट नेसूचं नसताना बागेत! आळीतल्या बायकांनी तोंडावर हात घेतले, पण बोटं पुरती मिटली नव्हती. आम्ही धडाधड बागेच्या हौदात उड्या टाकल्या. आमच्याकडे तळं असतं, पण हौदही वाईट नव्हता.

मग मावशींनाच हसू फुटलं. त्यांनी टॉवेल आणले, पाव आणला, वाइन आणली. सगळे हौदाच्या काठावर पालथे पडून दुपारभर पाठी उन्हात शेकत राहिले. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताइवो, लेका, ही पाठ माझी नाहीच रे, कुणा पोरसवदा माणसाची आहे. सोमवारी ऑफिसात ये. दोन वर्षांच्या करारावर सही करून टाकू."

माझं काळीज नुसतं नाचत होतं. वाटलं, या म्हाताऱ्याला उचलून गावभर फिरवावं.

"चालेल," मी म्हणालो.

शनिवारी संध्याकाळी दोनातोचा फोन आला. मग दुसऱ्याचा. मग सगळ्यांचेच. पाठी, मांड्या, पोटऱ्या, जिथे जिथे माझी जुडी पडली होती तिथे बिब्बा उतावा तसे फोड. मावशी झोपडीत जाऊन एक जुडी उचलून आल्या आणि ती माझ्या नाकासमोर धरली.

"मुडद्या, अंजिराने बडवलंस सगळ्यांना? हा चीक अंगाला लावून उन्हात बसू नये, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू कोणाला विचारलंस?"



रविवारी हॉल खच्चून भरलेला. आमचे लोक मैदानावर उतरले ते दोन्ही हात अंगापासून लांब धरून. चेंडू जमिनीजवळ आला, की सगळे त्याच्याकडे आदराने बघायचे. झेप कोणी घेईना. पाठीला शर्ट चिकटला की दोनातो कळवळायचा आणि चेंडू भलतीकडेच जायचा. अध्यक्षांना बसता येत नव्हतं, ते सामनाभर खांबाला एक हात टेकून उभे. आणि मी? मी जन्मात खेळलो नसेन तसा खेळलो. एकट्याने चेंडू अडवले, एकट्याने उड्या मारल्या, एकट्याने घाम गाळला. मला वाटलं, निदान एवढं तरी करू. सरळ तीन सेटमध्ये हरलो.

माझा तो चांगला खेळच नडला. रात्रीच्या आत गावभर झालं, की लांब्याला समोरच्या क्लबने फोडलं. "सगळ्यांना फोड, आणि हा एकटा कसा धडधाकट?" "मे महिन्यात लोकरी मोजे घालून बसला होता म्हणे, हाताला!" "आणि दोनातोने पानांचं विचारलं, तर उडवून लावलं त्याला." एकेक गोष्ट खरी होती, त्यामुळे खोडायची काय?

सोमवारी ऑफिसात गेलो. अध्यक्ष टेबलाशी उभेच होते. पुढ्यात कराराचा कागद होता.

"ताइवो, लोक काय म्हणतात त्याच्याशी मला देणंघेणं नाही. तू फक्त एवढंच म्हण, की मुद्दाम केलं नाहीस. मी आत्ता सही करतो."

मला खूप बोलायचं होतं. म्यार्ताचं, टोमॅटोचं, आणि या गावाने मला भटक्याला कसं जवळ केलं त्याचं. एवढ्या मोठ्या गोष्टीला नुसतं "नाही" म्हणणं मला हलकं वाटलं. म्हणून मी मनात नीट वाक्य जुळवायला घेतलं. आमच्याकडे माणूस विचार करत असला, की समोरचा थांबतो, उठून कॉफी ठेवतो. अध्यक्ष माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा पडला.

"कळलं," ते म्हणाले. माझा हात हातात घेऊन हळूच दाबला आणि त्यांनी स्वतः दार उघडून दिलं.

बाहेर जिन्यात माझं वाक्य तयार झालं. चांगलं झालं होतं. पण मिटलेलं दार पुन्हा वाजवणं आमच्यात बरं समजत नाहीत. काय अवदसा आठवली, कोण जाणे. नुसता वळलो असतो, तरी झालं असतं.

निघताना गाडीत म्यार्ताने विचारलं, "बाबा, तू मुद्दाम केलंस?"

"नाही गं."

"मग तसं म्हण ना त्यांना." आणि गावाची शेवटची घरं मागे पडेपर्यंत ती काचेला नाक लावून रडत होती.

पुढचा हंगाम पुन्हा फिनलंडमध्ये, पार उत्तरेला. माणसं भली. हंगाम संपत आला तेव्हा क्लबचे मॅनेजर यार्मो यांनी मला सौनात बोलावलं. कराराचं असणार, हे उघड होतं. या वेळी मी चूक करणार नव्हतो. आत बसल्या बसल्या सुरू झालो. म्यार्ताला इथे एक मैत्रीण मिळालीय, कायेला ग्रंथालयात काम मिळालंय, मला हे गाव आवडतं, तुम्ही आवडता, मला राहायचंय, खरंच राहायचंय. हात हलवून बोललो, शेवटी जरा आवाजही भरून आला. यार्मो दगडांकडे बघत होते. त्यांनी एक तांब्या पाणी ओतलं, बऱ्याच वेळाने दुसरा ओतला, आणि उठून बाहेर गेले.

घरी आलो. कायेने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कपाटावरून बॅग खाली ओढली.

"काय म्हणाले?"

"ते काही म्हणाले नाहीत. नंतर प्रशिक्षकाने सांगितलं. खेळ चांगला आहे, पण माणूस फार बोलतो म्हणे."

कायेने म्यार्ताच्या स्वेटरची घडी घालून बॅगेत टाकली.

"बोलायचंच होतं," ती म्हणाली, "तर तिकडे बोलायचं होतंस."