अंगणातला जहाजाचा पंखा

आमच्या वीरप्पाला माणसाच्या तोंडाचं वावडं आहे! मुंबईच्या गोदीत फोटोग्राफर झाला, पण फोटो कुणाचे काढतो? जहाजांचे! त्यांच्या पोटाखाली वाकून, इंजिनात डोकं घालून. मी सांगावा धाडला, "कोट घालून तुझा एक फोटो पाठव. बाकी माझ्यावर सोड. लोहाऱ्याच्या माणिकप्पांची शिवगंगा एका फोटोवर सून करून आणते!"

पाकीट आलं. आत जहाज!

तोंडात आलेली शिवी मात्र तोंडातच राहिली. काय ते धूड, बाई! आमचं अख्खं उमरगं गाव पोटात घालून ढेकर न देणारं! गाळ काढायला आपण विहीर उपसतो, तशी त्यांनी गोदी उपसलेली. त्या कोरड्या हौदात जहाज ठोकळ्यांवर बसलेलं, नुकत्याच न्हालेल्या हत्तीसारखं. मागं चार पाकळ्यांचा लोखंडी पंखा, आणि पंख्याखाली टोपी घातलेला एक तांदळाचा दाणा. तो आमचा चिरंजीव!

माणिकप्पा आले. फोटो डोळ्याला लावून बसले.

"अक्का, पोरगा कुठाय?"

"ते काय, पंख्याखाली."

त्यांच्या मळ्यात नवं तेलाचं इंजिन बसलेलं. तेव्हापासून यंत्रातलं सगळं आपल्यालाच कळतं, असा तोरा!

"आमच्या इंजिनाचा पंखा वीतभर. त्या हिशेबानं पोरगा बोटाएवढा भरतोय!"

"जहाजाचा पंखा हाय तो! हत्ती निजंल त्यावर!"

"तुमी जहाज बघितलंय?"

"तुमी कैलास बघितलाय? हात जोडताच न्हवं?"

"कैलासाला मी पोरगी देत न्हाय!" असं म्हणत ते चपला शोधायला लागले.

सोयरीक दारातून बाहेर निघाली की! मी चुन्याची फक्की उचलली.

"बसा! मापानं दावते."

माझा दीर बंडप्पा वीरप्पाच्याच उंचीचा. फोटोत पंखा तीन वीरप्पांएवढा. म्हणून बंडप्पाला अंगणात आडवं केलं, डोक्याशी खूण केली. पुढं सरकवलं, परत खूण. तिसऱ्या वेळी अंगणच संपलं. मग त्याला गल्लीत, समोरच्या गंगम्माच्या उंबऱ्याशी निजवलं.

"भावजी, मी सांगेपर्यंत हलायचं न्हाय!"

आणि पाकळ्या काढायला बसले. जन्मभर दारात कमळं काढलीत मी, हात कसा सरसर चालला!

तेवढ्यात गंगम्मानं दार उघडलं. पायाशी बंडप्पा! उन्हानं डोळे मिटलेले, अंगावर पांढरी भुकटी.

"गेला गं बंडप्पा!"

गंगम्माचा गळा म्हणजे गिरणीचा भोंगा. गल्ली धावली. बायांनी पदर डोळ्याला लावले. कुणी जंगमांना बोलावलं, ते मयताचा शंख घेऊनच आले. तरी बंडप्पा हलेना! मी सांगितलं नव्हतं ना! आमच्या घरात माझा शब्द असा चालतो. शंख कानाशी वाजला तेव्हा तो ताडकन उठून बसला, आणि गंगम्मा आडवी झाली.

तिला पाणी पाजल्यावर सगळ्यांचं लक्ष जमिनीकडं गेलं.

"वैनी, हे काय?" गल्लीतल्या एकानं विचारलं.

"जहाजाचा पंखा."

माणिकप्पा देवळाला फिरावं तसे कडेकडेनं फिरले.

"येवढा?"

"येवढा!"

"बाप रे! फिरला तर माझा जावई उरायचा न्हाय!"

'माझा जावई' म्हणाले! मी शब्द तिथंच पकडला.

"कोरड्या हौदात कशाला फिरंल? अन् फिरला तरी माझं पोरगं मागं हटायचं न्हाय!"

"पोरगा एकदा समोर उभा करा, मग सुपारी फोडू. फोटो मात्र मिळायचा न्हाय. शिवगंगाला दावल्यावर ती काय परत देती व्हय!"

तार केली. वीरप्पा आला. माणिकप्पांनी त्याला बंडप्पाच्या खांद्याला खांदा लावून उभं केलं, मागून पुढून न्याहाळलं, आणि लागलीच सुपारी फोडली. मी छाती काढून गंगम्माकडं बघितलं.

आमच्या दिवट्याचं लक्ष सोयऱ्याकडं न्हाय, सुपारीकडं न्हाय. मी पुसू न दिलेल्या त्या चुन्याकडं! सगळ्या गल्लीदेखत म्हणतो, "अव्वा, पाकळ्या उलट्या वळवल्यास की! असला पंखा लावला तर जहाज मागं जाईल!"

गल्ली फिदीफिदी हसली. गंगम्मा सगळ्यात जास्त. माझे कान तापले.

"जाऊ दे मागं, मुडद्या!" मी म्हणाले. "सरळ जाणाऱ्या जहाजानं तू कधी घरी आलायस?"