चार पाकिटांचा दंड

बँकेची चार पाकिटं एकाच दिवशी आली. लुएला स्टॅम्बॉनं ती टपालपेटीतून काढली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीनं मांडली आणि एकेक फोडत गेली. पहिल्यात पस्तीस डॉलर दंड. दुसऱ्यात पस्तीस. तिसऱ्यातही पस्तीस. चौथं तिनं फोडलं नाही, फाडलं.

"व्हर्जिल!" ती अशी ओरडली की अंगणात गवत कापणाऱ्या नवऱ्याला यंत्राच्या घरघरीतूनही ते ऐकू गेलं.

व्हर्जिलनं ओहायोतल्या त्या छोट्या गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती, आणि एकदाही उशीर केला नव्हता. निवृत्त झाल्यापासून शिस्त लावायला त्याला बायकोशिवाय कोणी उरलं नव्हतं. त्यानं हात पुसले, चष्मा लावला आणि चारही पत्रं वाचली.

"खात्यात पैसे नसताना खर्च केलास?"

"कॉफी प्यायले मी! दोन डॉलरची कॉफी! तिच्यावर पस्तीस डॉलर दंड!"

"पण तेवढे खात्यात नव्हते ना?"

"गुरुवारी सकाळी चारशे तीस होते!"

"मग गेले कुठे?"

इथेच खरी गोम होती. गाडीच्या विम्याचे चारशे बारा डॉलर त्याच गुरुवारी आपोआप कापले जाणार होते, आणि तिचा पगार जमा होणार होता शुक्रवारी. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे पोरांचं जेवण मापून शिजवणारी ही बाई नेमकं तेवढं विसरली होती. चूक आपली आहे हे ठाऊक असल्यामुळे तिचा राग दुप्पट झाला.

"बँकेनं तुझ्या तोंडात कॉफी ओतली का?" व्हर्जिल म्हणाला. "खर्च तू केलास, जबाबदारी तुझी. मी असतो तर मुकाट्यानं भरले असते."

"तू असतास तर घरी नळाचं पाणी प्यायला असतास!"

"हो. त्याला दंड पडत नाही."

त्या संध्याकाळी व्हर्जिलला डब्यातले गार बीन्स मिळाले, तेही डब्यातच.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेची भांडी आवरली आणि लुएला अंगातल्या ॲप्रनसकट बँकेत जाऊन धडकली. शाखेचा मॅनेजर ट्रेंट हॉलोवे हा सव्वीस वर्षांचा, टाय लावलेला, सदैव हसणारा पोरगा होता. त्यानं तिला खुर्ची दिली.

"मॅडम, हा दंड नाही, शुल्क आहे. पैसे नसताना दुकानात तुमचं कार्ड चाललं नसतं. चारचौघांत लाज गेली असती. ती आम्ही राखली. आम्ही याला सौजन्य सेवा म्हणतो."

"पस्तीस डॉलरला एक लाज? मला विचारलं होतंस? मी म्हटलं असतं, राहू दे रे बाबा, ओत ती कॉफी परत!"

ट्रेंटनं हसू तसंच ठेवून त्या दिवसाच्या हिशेबाचा कागद छापून दिला. लुएलानं तो वाचला, परत वाचला. तिच्या कपाळावर आठी चढली.

"लेकरा, कॉफी मी सकाळी सहाला घेतली. मग डोनट, सहा डॉलर. मग खोकल्याचं औषध, नऊ. मग गाडीत पेट्रोल, चोवीस. विमा कापला गेला संध्याकाळी. मग तो सगळ्यात वर कसा?"

"दिवसअखेर आम्ही रकमा मोठीपासून लहानपर्यंत लावतो, मॅडम. मोठी देणी महत्त्वाची असतात ना. ग्राहकांच्याच भल्यासाठी."

लुएलानं फाटक्या पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले. आल्या क्रमानं गेलं असतं तर आधीचे चारही खर्च बिनबोभाट भागले असते, एकटा विमा कमी पडला असता, दंड एकच. विमा पुढे घुसवल्यावर खात्यात उरले अठरा, आणि मागचे चारही खर्च गाळात. दंड चार.

ती उठली. काउंटरपाशी सहा माणसांची रांग होती. सगळ्यात पुढे चिमणीएवढ्या ओपल आजी, वय वर्षं शहाऐंशी. सगळ्यात मागे बक नावाचा ट्रकवाला, दाराएवढा.

"अहो, ऐका सगळे!" लुएला गरजली. "या बँकेत मोठा आधी, असा नियम आहे! बक, तू पुढे हो. ओपल आजी, तुम्ही सगळ्यात शेवटी. आणि मागे राहिल्याबद्दल पस्तीस डॉलर काढून ठेवा!"

बकला घाई होतीच. तो खरंच पुढे सरकला. ओपल आजींनी काठी त्याच्या नडगीवर हाणली.

"मी पाऊण तास उभी आहे, मेल्या!"

"मी काय करू आजी, बँकेचा नियम आहे म्हणतात!"

मधल्या दोघांत मोठा कोण यावरून जुंपली. उंची धरायची की वजन, हा मुद्दा होता. बँकेचा पहारेकरी सोडवायला आला, तर त्याचं पोट पाहून कोणीतरी त्यालाच दुसरा नंबर दिला.

ट्रेंटचं हसू आता नुसतं दातांवर राहिलं होतं. "मॅडम, दोन दंड परत करतो. सौजन्य म्हणून."

"तो शब्द पुन्हा काढ, म्हणजे दाखवते!"

खातं नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं. ट्रेंटनं घाईघाईनं व्हर्जिलला फोन लावला. "साहेब, कृपा करा आणि मिसेसना घेऊन जा."

दहा मिनिटांत व्हर्जिल आला. येतानाच त्यानं बायकोला द्यायचं भाषण गाडीत तयार केलं होतं. लुएलानं तो हिशेबाचा कागद त्याच्या छातीवर आपटला. त्यानं चष्मा लावला. वाचता वाचता त्याचे कान लाल होत गेले.

"पोरा," तो ट्रेंटला म्हणाला, "कॉफी आधी आली होती?"

"हो साहेब, पण..."

"मग आधी का चढवली नाहीस? एकतीस वर्षं माझ्या बसमध्ये पोरं आली त्या क्रमानं चढली. लहानग्याला ढकलून पुढे घुसणाऱ्याला मी खाली उतरवायचो. आणि तू घुसणाऱ्याला जागा देतोस, वर पुन्हा ढकललेल्यांकडूनच पैसे घेतोस?"

बायकोसाठी तयार केलेलं जबाबदारीवरचं भाषण ट्रेंटला मिळालं. चाळीस मिनिटं. बँक बंद व्हायची वेळ टळली, तरी रांगेतलं कोणी घरी जाईना. शेवटी ट्रेंटनं चारही दंड परत जमा केले, पावतीवर शिक्का मारला आणि दिवे मालवायला सुरुवात केली.

बाहेर येताना लुएलानं नवऱ्याचा दंड धरला. बऱ्याच वर्षांनी. गाडीपाशी पोचल्यावर व्हर्जिल थबकला आणि पावती निरखायला लागला.

"रक्कम चुकलीय."

"कमी दिले मेल्यानं?"

"जास्त दिले. रांग नीट लावली तरी विम्याला तेवीस डॉलर कमीच पडत होते. एक दंड आपल्याला लागतोच."

"व्हर्जिल, गाडीत बस."

"जबाबदारी म्हणजे..."

"घसा फोडून मिळवलेत मी ते!"

"तीन मिळवलेस. चौथा ढापलास."

त्या रात्री व्हर्जिलला बीन्ससुद्धा मिळाले नाहीत.

सकाळी बँक उघडली तेव्हा व्हर्जिल पस्तीस डॉलर रोख घेऊन दारात उभा होता. त्याला हाताला धरून परत न्यायचं, या एकाच निश्चयानं लुएला मागोमाग आली होती.

"खात्यात जमा करू?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"नाही. दंड भरायचाय."

"पण काका, तुमच्यावर दंडच दिसत नाहीये."

ट्रेंटला बोलावलं. दोघांना एकत्र पाहून त्यानं टायची गाठ सैल केली. "साहेब, तो माफ झाला."

"मी माफी मागितली नव्हती. माझी चूक, माझा दंड. घ्या."

"अहो, घ्यायची सोयच नाही! खात्यात पैसे नसले की यंत्र आपोआप दंड घेतं. तुमच्या खात्यात आता पगार आलाय. पैसे असलेल्या माणसाकडून दंड घेता येत नाही."

व्हर्जिलनं नोटा काउंटरवर ठेवल्या.

"म्हणजे नसतात त्याच्याकडून न विचारता घेता," तो सावकाश म्हणाला, "आणि आहेत तो हातात घेऊन उभा आहे, तर नको?" पुढचं वाक्य सावकाश आलं नाही. त्यानं काउंटरवर अशी मूठ आपटली की साखळीनं बांधलेली पेनं उडाली.

लुएलानं नवऱ्याला ओढायला पुढे केलेला हात मागे घेतला. मॅनेजरची खुर्ची ओढून ती तिच्यात ऐसपैस बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि ट्रेंटला समोरचा बाक दाखवला.

"बस, लेकरा," ती म्हणाली. "आज त्याला वेळ लागेल."