उलट्या बाजूची चमकी

आमचे शेजारी देविदासकाका रस्त्यात भेटले की आधी पाठ फिरवतात. भांडणबिंडण काही नाही. खिशातून दाढीचा आरसा काढतात आणि त्यात तुमचं तोंड पाहतात. "हां, आता बोल. छापाचं काम म्हणजे मानूस उलटाच पाहा लागते."

अकोल्याच्या जुन्या शहरात चित्रकला शिकवून रिटायर झालेला हा माणूस लिनोचे ठसे कोरतो. लिनो म्हणजे फरशीवर अंथरायची जाड शीट. उन्हात तापली की मऊ होते, म्हणून गच्चीवर माझ्या बायकोच्या पापडांशेजारी ती पडलेली असते. बायको म्हणते, "एखाद दिवशी शीटच तळीन मी!" त्यावर काका, "आपल्या उन्हाले नावं काहून ठेवता? फुकटची शेगडी हाय!" कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, म्हणून कोरायचंच उलटं. शाई लावून कागद ठेवला की वाटीच्या बुडानं घासतात. त्या घरात चिवडा काळ्या बुडाच्या वाटीतच मिळतो.

कोरायला बसले की मात्र समाधी. मी एकदा "काका, चहा?" म्हणालो आणि बैलाचं शिंग उडालं. "कापलं ते गेलं, बाबू! इथं रबर चालत नाही." बैल मुंडाच छापला.

गेल्या वर्षी काकू गेल्या. अमरावतीला दिलेली मुलगी सुनंदा म्हणाली, "बाबा, आईचा एकबी फोटो धड नाही. कुठं पदर, कुठं पाठ. वर्षश्राद्धाले भिंतीवर तिचं तोंड पायजे मले."

काका महिनोन्‌महिने कोरत राहिले. वर्षश्राद्धाच्या सकाळी त्यांनी कागद उचलला. हुबेहूब काकू! पण नाकातली चमकी भलत्याच बाजूला. माझ्या जिभेला हाड नाही. "काका, उलटं कोरायला विसरलात!" सुनंदाचा चेहरा उतरला.

"विसरलो नाही," काका म्हणाले. "घर भरलेलं, माही माय दारातच बसे. चारचौघात बायकोच्या तोंडाकडं पाहाची सोय नोती. ते आरशापुढं वेणी घाले, मी मांगं खाटेवर पेपर घेऊन बसो. आरशातच पाहो, आरशातच हासो. तुमी समोरून पाह्यली असन. मले हेच तोंड माहीत हाय."

सुनंदानं त्यांच्या खिशातला आरसा काढून छापासमोर धरला. आरशात चमकी जागेवर आली. "हे माही माय," म्हणाली आणि रडली.

छाप आता काकूंच्या आरशासमोरच्या भिंतीवर आहे. सुनंदा आली की आरशात पाहते. काका पेपर घेऊन खाटेवर बसतात आणि भिंतीकडं थेट पाहून हसतात.