चिमाबाईचा कोंबडा भिंतीपलीकडे

सुजातावहिनींच्या परसात पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या आल्या, त्या दिवसापासून चिमाबाईला जेवण गोड लागेना.

चिमाबाई मूळची साक्रीकडची. नवरा सुकदेव मसाटला दोऱ्याच्या कंपनीत मशिनवर लागला, तशी ती सिल्वासात टोकरखाड्याला राहायला आली. आल्या आल्या तिने खोलीमागच्या मोकळ्या जागेत गावठी कोंबड्या पाळल्या. गल्लीत कुणी बाळंतीण असो, कुणी तापातून उठलेलं असो, "चिमाबाईकडून अंडं आणा" हे ठरलेलं. बाकीच्या बायका नवऱ्याच्या नावानं ओळखल्या जायच्या. ही एकटी स्वतःच्या. हा मान ती फार जपायची.

भिंतीपलीकडच्या सुजातावहिनी नाशिकच्या. त्यांचे यजमान चंद्रकांत सुकदेवच्याच कंपनीत इंजिनिअर, म्हणजे साहेब. त्यांनी कुठल्याशा पोल्ट्रीवरून या कोंबड्या आणल्या आणि चिमाबाईचं सुख संपलं. तिच्या गावठी कोंबड्या आपल्या मर्जीच्या. थोडे दिवस अंडी द्यायच्या, मग खुडूक होऊन कोपऱ्यात फुगून बसायच्या आणि जवळ गेलं की टोचायच्या. लेगहॉर्नना खुडूक होणं ठाऊकच नव्हतं. रुसवा नाही, फुगवा नाही. दिवस उजाडला की अंडं.

"कोंबड्या हायेत का मशिनी?" चिमाबाई चुलीशी बसून म्हणाली. "खडूवानी पांढरं अंडं. त्यात काय ताकद ऱ्हानार?"

"मग तू कशाला जळू राहिली?" सुकदेवने विचारलं.

"मी? मी कशाला जळू?" म्हणेपर्यंत तव्यावरची भाकरी करपली.

खरं दुखणं वेगळंच होतं. वहिनींकडे कोंबडा नव्हता. कोंबडा नाही म्हणजे अंड्यात जीव नाही, आणि जीव नाही म्हणजे अंडं शाकाहारी, असं चंद्रकांतसाहेबांनी गल्लीला समजावून सांगितलं. झालं! ज्या घरांनी जन्मात अंड्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता, तिथेही ऑम्लेटचा वास सुटला. चातुर्मासात कांदा-लसणाला न शिवणारे प्रभाकरराव डबा घेऊन वहिनींच्या दारात उभे राहू लागले. जाता जाता ते म्हणाले, "चिमाबाई, तुमची अंडी उत्तमच हो. पण त्यात कोंबड्याचा हात असतो."

चिमाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. तिने आपल्या कोंबड्याकडे पाहिलं. त्याचं नाव जमादार. तांबडा, तुरेबाज, आणि अतिशय आगाऊ. तिच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. पहाटे गल्ली झोपेत असताना ती पालथ्या पाटीवर चढली, जमादारला उचललं आणि अलगद भिंतीवर ठेवलं. जमादारने पलीकडच्या कोंबड्या पाहिल्या. पुढचं त्याला शिकवावं लागलं नाही.

"चिमाबाई, तुमचा कोंबडा इकडे आलाय हं," वहिनींनी हाक मारली.

"फिरू द्या वो वहिनी! मुकं जनावर त्ये. येईल माघारी."

पण तो माघारी येईना. पलीकडे मका होता, शिंपल्यांचा चुरा होता, निवांत सावली होती. रात्रीसुद्धा तो तिथेच राहू लागला. चिमाबाईला वाटलं, बरंच झालं. असे बरेच दिवस तिने कळ काढली, आपली खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, आणि मग एका सकाळी नळावर हंडा ठेवत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्या शाकाहारी अंड्यांचं काई खरं नाई बरं का. आमचा जमादार महिना झाला तिथंच मुक्कामाला हाये."

दोन बायका हंडा न भरताच घरी धावल्या. संध्याकाळपर्यंत वहिनींची सगळी गिऱ्हाइकं तुटली, आणि कितीतरी दिवसांनी चिमाबाईनं पोटभर जेवण केलं.

दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव डबा घेऊन तिच्याच दारात हजर.

"द्या सहा अंडी."

"माझी? पन त्यात कोंबड्याचा हात असतो ना वो?"

"आता कुठला? तुमचा कोंबडा महिनाभर तिकडे. म्हणजे इकडची अंडी शाकाहारी. साधा तर्क आहे."

चिमाबाई अशी भडकली की विचारू नका. तिच्या गावठी अंड्यांना कुणी निर्जीव म्हणावं! "माझ्या अंड्यांत जीव हाये! कोंबडी बसवलीये म्या. पिल्लं निघाली म्हंजे दाखवते तुमाला."

सुकदेव म्हणाला, "अगं, गिऱ्हाईक चालून आलंय, गप देऊन टाक की." पण अब्रूचा प्रश्न होता. ती दिवस मोजत राहिली. दिवस भरले, वरही गेले. कोंबडी बसलेलीच. शेवटी चिमाबाईनं एक अंडं फोडलं आणि गल्लीनं खिडक्या लावून घेतल्या. सगळीच्या सगळी नासली होती.

प्रभाकरराव नाक दाबून दाराशी आले, पण चेहरा खुललेला. "सिद्ध झालं! एकसुद्धा पिल्लू नाही. ताजी द्या सहा."

त्यांच्या मागे रांग लागली. चिमाबाईचं नाव पुन्हा गल्लीभर झालं, पण आता जमादारला घरी आणायची सोय राहिली नाही. तो आला तर गिऱ्हाईक जाणार, न आला तर तिच्या अंगणात पिल्लू म्हणून दिसणार नाही. भिंतीपलीकडून त्याची बांग आली की ती भांडी आदळायची.

अशात सुजातावहिनीच टोपली घेऊन दाराशी आल्या.

"चिमाबाई, आमची अंडी आता कुणी घेईना. म्हटलं पिल्लं तरी काढावी, तर आमच्या एकीलाही बसायची अक्कल नाही. तुमची ती खुडूक कोंबडी..."

चिमाबाईला लाज वाटली. खरोखर वाटली. या बाईला काहीच कळलं नव्हतं, की सगळं कळून ती आली होती, ते मात्र तिला शेवटपर्यंत उमगलं नाही. "अर्धलीनं बसवू वहिनी," ती म्हणाली. "निम्मी तुमची, निम्मी माझी."

या वेळी पिल्लं निघाली. पांढरी, तांबूस, कबरी. वाटण्या चिमाबाईनंच केल्या. एकेक पिल्लू उचलून, पंख उलगडून, पाय पाहून तिने चांगली चांगली आपल्याकडे ठेवली. वहिनी हसत आपली टोपली घेऊन गेल्या.

संध्याकाळी सुकदेव कामावरून आला, तर बायको पाटीवर चढून भिंतीपलीकडे पाहत होती.

"आता काय झालं?"

"अहो, तिची पिल्लं जरा जास्तच गुबगुबीत नाई का दिसत?"

"अगं, तूच ना निवडली?"

"तेच तर!" चिमाबाई डोळे पुसत म्हणाली. "म्या निवडली तवा ती अशी नव्हती."