रमझी उस्ताचा आवाज

"थांबा! हे लग्न होणार नाही!"

ही गर्जना झाली तेव्हा गर्जना करणाऱ्याचा वस्तरा माझ्या गळ्यावर होता. शेजारच्या खुर्चीतला पठाण अर्ध्या दाढीनिशी जो पळाला, तो बहुधा पेशावरलाच थांबला.

"कैसा?" रमझी उस्ताने विचारलं.

"एकदम बढिया," मी म्हणालो. वस्तरा गळ्यावर असताना माणूस दुसरं काय म्हणणार?

रियाधच्या बत्हा बाजारात केस कापणारा हा तुर्की गडी एके काळी सिनेनट होता. उस्ता म्हणजे त्यांच्याकडे कारागीर. पन्नासेक सिनेमांत तो फक्त मेला होता. तोफेने उडाला, विहिरीत बुडाला, एकदा तर घोड्यानेच जीव घेतला. प्रत्येक मरण तो गिऱ्हाइकाला करून दाखवी. शुक्रवारी त्या दुकानात मुडदे ओलांडून आत जावं लागे आणि सगळे मुडदे त्याचेच!

आमच्या कंपाउंडातल्या मराठी मंडळींनी दिवाळीला नाटक बसवलं होतं. त्यात नवऱ्या मुलाच्या बापाचं काम करणाऱ्या जोशींना कंपनीने ऐनवेळी दम्मामला धाडलं. त्यांना वाक्य एकच. मी थट्टेत उस्ताला विचारलं आणि फसलो. त्या दिवसापासून गडी वाक्य घोकू लागला. 'होणार'मधला ण त्याने सुपारीसारखा दाढेत धरला, पण सोडला नाही.

तालमीला दिग्दर्शिका कुलकर्णीवहिनींनी कानांवर हात ठेवले. "भावोजी, हळू म्हणायला सांगा यांना! भिंतीपलीकडे चौकीदार बसलाय. इथे नाटकं चालत नाहीत, उद्या सगळ्यांचे इकामे, राहायचे परवाने जातील!"

"हळू नहीं," उस्ता म्हणाला.

"मग वाक्यच कापते."

"काटो. मैं फिर भी बोलेगा."

मी त्याला ओढत व्हरांड्यात नेलं. तिथे तो पहिल्यांदाच हळू बोलला. त्यांचे ते सिनेमे म्हणे आवाजाशिवायच चित्रित होत. मग इस्तंबूलच्या स्टुडिओत एक जाडा माणूस आवाज देई. "मेरा भी वही देता था, घोडे का भी." पन्नास सिनेमांत याचा स्वतःचा आवाज कुठेच नाही. आणि गावी आई आंधळी. शेजारणी तिला हाताला धरून थिएटरात नेत. हा पडद्यावर मरे, अख्खं थिएटर रडे, आणि ती विचारी, "माझा मुलगा कधी येणार?"

"इस नाटक का सीडी उसको भेजेगा. एक बार सुनेगी," उस्ता म्हणाला.

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी नाक पुसलं आणि आत वळून ओरडल्या, "अहो, सगळ्या खिडक्यांना गाद्या लावा!"

गाद्या लावल्या. काय उपयोग! प्रयोगाला उस्ता ओरडला तशी नवरीच्या हातातून हार पडला, पुढची पोरं "मम्मी, लेट्स गो होम" करत रडू लागली, आणि चौकीदार काठी घेऊन धावत आला तो शेवटपर्यंत मांडी घालून नाटक बघत बसला. माझा कॅमेरा दचकून छताकडे गेला, पण आवाज ठणठणीत उतरला.

सीडी सुट्टीवर निघालेल्या एका तुर्काबरोबर गेली. आईचा निरोप कळावा म्हणून मी न वाढलेले केसही कापून घेऊ लागलो. टक्कल पडायच्या बेतात असताना तो तुर्क सुट्टीवरून परतला, आणि उस्ता वस्तरा घेऊन खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"माँ क्या बोली?" मी विचारलं.

त्याने वस्तरा पुसला. पुन्हा पुसला.

"बोली, सर्दी हुआ है तेरे को. गरम कुछ पी."