साठेकाकांची हद्दपारी

बारसं असो की मुंज, जेवणाचं ताट समोर आलं की साठेकाका पोलंडला जातात. तेही पंधराव्या शतकातल्या. तिथले एक धर्मगुरू आयुष्यभर आपल्या देशाची बखर लॅटिनमध्ये लिहीत बसले. काका त्यांना ‘आमचे बुवा’ म्हणतात. बुवांनी वडिलांकडून मोठ्या लढाईची हकीगत कशी मिळवली, हे सांगून होईपर्यंत आमच्या भातावरचं तूप थिजलेलं असतं.

हा नाद त्यांना इथल्याच, कॅनडातल्या हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात लागला. कोल्हापूरहून आलेले काका भट्टीवर इंजिनियर होते आणि शेजारी एक पोलिश मेकॅनिक. “त्यानं माझं थालीपीठ खाल्लं आणि बदल्यात बुवा दिले,” असं काका सांगतात. पुढे तो मित्र गेला, नोकरी संपली, काकूही गेल्या. बुवा तेवढे राहिले.

एक प्रसंग काकांचा फार लाडका. बिशप कोणाला करायचं यावरून वाद झाला. सगळ्या धर्मगुरूंनी मिळून निवडला एक, राजाला हवा दुसरा. बुवा राजापुढे वाकले नाहीत, तेव्हा राजानं त्यांना हद्दपार केलं. इथे काका घास घ्यायला थांबतात, आणि तेवढ्यात कुणाला तरी मुलांना गाडीत बसवायचं आठवतं. मीही कितीदा तिथेच उठलो आहे.

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या सभेत सांस्कृतिक सचिव म्हणून आम्ही सगळ्यांनी हात वर करून सुलभा पत्कींना निवडलं. आठवड्यानं अध्यक्ष नीलेश कारखानीसांनी त्या जागी आपल्या मेहुण्याचं नाव जाहीर केलं. सगळे गप्प बसले. काका मात्र दिवाळीच्या कार्यक्रमात थेट स्टेजवर चढले.

“नीलेश, हात आम्ही सुलभासाठी वर केले होते. काखेला वारा लागावा म्हणून नव्हे!”

“काका, प्लीज, आपण हे ऑफलाइन डिस्कस करू.”

“मी जन्मापासून ऑफलाइनच आहे. सचिव सुलभाच!”

दुसऱ्या दिवशी काकांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण शनिवारची मराठी शाळा, जी ते वर्षानुवर्षं आपल्या बेसमेंटमध्ये चालवत होते, तीही कम्युनिटी सेंटरमध्ये नेली आणि मेहुण्याच्या हाती दिली.

“सॉरी म्हणून टाका ना, काका. मुलं परत येतील,” मी म्हणालो.

“बुवा म्हणाले होते?” एवढं बोलून त्यांनी चहा टाकला.

जानेवारीतल्या एका शनिवारी त्यांचा ड्राइव्हवे शोव्हल करून द्यावा म्हणून गेलो, तर तो आधीच लख्ख झालेला. या वयात, इतक्या बर्फात! मी रागावलो.

“पोरांच्या गाड्या कुठे लागणार मग?” काका म्हणाले.

खाली गेलो. हीटर चालू होता. छोट्या खुर्च्या मांडलेल्या होत्या, फळ्यावर मोठा ‘ळ’ आणि ताटलीत बेसनाचे लाडू.

“कोण येणार आहे?”

“कुणी नाही. दिवाळीपासून कुणी आलेलं नाही.” त्यांनी एक लाडू माझ्या हातावर ठेवला. “खा. नाहीतर वाया जातात.”

मला अध्यक्षांचा मनस्वी संताप आला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खुद्द अध्यक्ष, सोबत त्यांची मुलगी रिया.

“काका, ही तिकडे जातच नाही. शी ओन्ली वॉन्ट्स यू.”

रियाचे बूट केव्हाच निघाले होते. “इज देअर लाडू?”

“मराठीत विचार.”

“लाडू आहे?”

“आहे. खाली जा, हात धू.” मग काका नीलेशकडे वळले. “सचिव सुलभाच.”

“बघू, काका.”

“बघू नाही. सुलभाच. हिला साडेअकराला न्यायला ये.”

नीलेश मान खाली घालून गाडीकडे गेला. काकांनी दार लावलं आणि ते चष्मा पुसत बसले. जरा जास्तच वेळ पुसला.

“त्या राजानंसुद्धा पुढे हेच केलं,” ते म्हणाले. “आपली पोरं शिकवायला बुवांच्याच हाती दिली.”

“हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत!”

“तुम्ही कुणी शेवटपर्यंत बसलात कधी?”

मी खाली गेलो आणि रियाशेजारच्या खुर्चीवर बसलो. खुर्ची फारच लहान होती, पण तास संपेपर्यंत उठलो नाही.