पुरेसा त्रास झाल्याचा दाखला

कोणतीही संस्था मोठी होते ती तिच्या कामामुळे नव्हे, तर काम सुरू होण्याआधीच्या वेळामुळे. आमच्या नळजोडणी कार्यालयात हा वेळ संगणक पुरवत असे. बटण दाबलं की हार्ड डिस्क घरघरायला लागायची आणि पडदा उजळेपर्यंत निम्मी सकाळ सरायची. तेवढ्यात चहा व्हायचा, कुणाच्या सासूचा गुडघा, कुणाच्या मुलीचं स्थळ, सगळं मार्गी लागायचं. खिडकीवर मी बसतो. "सिस्टिम चालू होतेय, बसा," एवढं म्हटलं की लोक बसत. अंतर्गत पाहणीनुसार (पाहणी मीच केली, खिडकी बंद ठेवून) दहातले सात अर्जदार बसून बसून आपणच उठून जात. उरलेल्या तिघांचं आम्ही उद्या बघत असू.

मग ती डिस्क बंद पडली. खरेदीचा आमचा नियम कडक आहे: सर्वांत स्वस्त असेल तेच घ्यायचं. कार्यालयातल्या खुर्च्या, पंखे आणि छत याच नियमाने आलेले (छत आता थोडं कमी आहे). भांडारपालांनी दरपत्रकं मागवली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बटण दाबताच संगणक चालू करणारी छोटी एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा स्वस्त निघाली होती.

"असं कसं होईल?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"साहेब, हार्ड डिस्क म्हटली की मोटर आली, तबकडी आली, डबा आला. आत माल कितीही कमी भरा, तो खर्च सुटत नाही. एसएसडीत नुसत्या चिपा. कमी लावल्या की पैसे कमी. मोठं कोठार भरायचं असेल तर आजही हार्ड डिस्कच परवडते. पण तुमचं काम चिमूटभर."

भांडारपालांनी प्रयत्नांची शिकस्त केली. भाव चढेल या आशेने पुन्हा पुन्हा दरपत्रकं मागवली. दर वेळी तो आणखी उतरला. नियमापुढे कुणाचं चालत नाही. एसएसडी बसली, आणि बटण दाबून मी चहाच्या कपाकडे वळेपर्यंत संगणक चालू होऊन माझ्याकडे बघत होता.

त्या सकाळी खिडकीबाहेर एक लॉन्ड्रीवाली बाई उभी होती. आमच्या धास्तीने तिने आजवर अर्जच केला नव्हता. शेजारच्या टाकीवरून बादल्या वाहून ती लोकांचे कपडे धूत होती. आता पाठ गेली, तेव्हा नळ मिळाला तरच दुकान टिकणार होतं. मी सवयीने "बसा" म्हणालो, पण तोवर अर्ज भरून झाला होता. त्यात खोट नव्हती (शोधली). तो साहेबांकडे गेला. साहेबांना इतक्या सकाळी पडद्यावर काही दिसायची सवय नाही. ते दचकले आणि त्यांचं बोट मंजुरीवर पडलं. बाई बाकावर टेकायच्या आत मोकळी झाली.

आठवड्याभरात ती परत आली. चेहरा पार उतरलेला.

"भाऊ, हे काय करून ठेवलंत?"

"का? पाणी येत नाही?"

"पाणी धो धो येतंय. गिऱ्हाईक येत नाही. सगळी गल्ली विचारते, किती चारले? नणंद म्हणते, वहिनी, एवढी ओळख होती आणि आम्हाला परकं केलंत? निम्मे लोक कपडे दुसरीकडे टाकतात. उरलेले येतात ते स्वतःचे अर्ज घेऊन, मंजूर करून द्या म्हणून. असंच चाललं तर दुकानाला कुलूपच. मला त्रास झाला असं काहीतरी लिहून द्या."

तिचे डोळे भरून आले होते आणि मला खरंच वाईट वाटलं. कार्यालयाची अब्रू एक वेळ जाऊ दे, पण हिची आमच्यामुळे जावी हे बरं नव्हे.

मग मात्र सगळं कार्यालय झटून कामाला लागलं. 'पुरेसा त्रास झाल्याचा दाखला' असा नमुनाच अस्तित्वात नव्हता, म्हणून समिती नेमली. बाईंचा अर्ज आम्ही एकदा हरवला. (दुसऱ्यांदा तो खरोखरच हरवला.) सासूबाईंच्या सहीचं हमीपत्र मागितलं; सासूबाई वारल्याचं कळल्यावर, त्या सही करू शकत नाहीत याचा पुरावा मागितला. बाईंनी हेलपाटे घातले, चपला झिजवल्या, आणि घामाघूम होऊन परतताना गल्लीने तिला रोज पाहिलं. हळूहळू लोकांचा विश्वास बसू लागला. नणंद आपणहून चादरी घेऊन आली. दाखला मिळाला तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बाईंनी तो चौकटीत घालून इस्त्रीच्या टेबलावर लावला आणि आम्हाला हात जोडले.

वाचकांच्या माहितीसाठी नमूद करण्यात येते की सदर बाईंनी नळासाठी एक छदामही दिला नव्हता. साहेबांनी मागितला नाही, मीही मागितला नाही. मागायला सवडच मिळाली नाही. सगळं तुमच्या डोळ्यांसमोर घडलं. तरी वाचताना तुमच्या मनात एक आकडा येऊन गेला. किती होता?